सोलापूरचा उन्हाळा: डोकं शांत ठेवायचं असेल तर काय, कधी आणि कोणत्या क्रमानं करायचं

दरवर्षी आपल्याकडं तेच होतं. एप्रिल निम्मा सरतो, पारा 42-43 ला टेकतो आणि मग घराघरात धावपळ सुरू, माळ्यावरचा कूलर काढा, माठ आणा, पडदे लावा. तोवर घरातली सगळी माणसं एकमेकांवर खेकसायला लागलेली असतात, झोप उडालेली असते, आणि मग आपण म्हणतो की ह्या उन्हानं डोकं फिरलंय बघा. लोक करतात ते सगळं बरोबरच असतं, फक्त दीड-दोन महिने उशिरा आणि उलट्या क्रमानं. झोप बिघडल्यावर कूलर येतो, अंगातलं पाणी कमी झाल्यावर ताक येतं, भांडण झाल्यावर मग फिरायला जायचं सुचतं.

उन्हाळ्यातली चिडचिड हा स्वभाव नसतो, निदान सगळी तरी नसते. त्यातली बरीचशी अर्धवट झोप, कमी पाणी आणि दिवसभर अंधाऱ्या खोलीत कोंडून राहणं ह्या तिघांची असते, आणि ह्या तिन्हींची सोय आधी लावता येते.

तारखांपेक्षा दारातला नाहीतर रस्त्यावरचा कडुलिंब बघत चला. सोलापुरात कुठल्याही पेठेत उभं राहिलात तरी एखादा दिसतोच, आणि उन्हाळा एखाद वर्षी लवकर आला तर ते झाड कॅलेंडरच्या आधी सांगतं.

1. पानगळ सुरू झाली की: घर आणि औषधं

फेब्रुवारीत कडुलिंबाची पानं पिवळी होऊन गळायला लागतात. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आटोपलेली असते, रात्री अजून पांघरूण लागतं, त्यामुळं कुणाच्याच डोक्यात उन्हाळा नसतो. म्हणूनच हीच वेळ धरायची.

आधी स्लॅब. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची झोप स्लॅब बिघडवतो, कारण तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री खोलीत सोडतो. गच्ची झाडून घ्या, भेगा बुजवा, विझवलेला चुना रात्रभर पाण्यात भिजवून गाळून घ्या, त्यात थोडा फेविकॉल टाका आणि संध्याकाळी दोन हात मारा, दुसरा हात पहिला वाळल्यावर. पांढऱ्या गच्चीवर आणि शेजारच्या उघड्या काळपट गच्चीवर दुपारी हात ठेवून बघा, मग मला सांगायची गरज नाही. पत्र्याचं घर असेल तर पत्र्यावरही चुना चालतो, पण त्याच्यावर वीतभर अंतर सोडून हिरवी नेट बांधली तर जास्त फरक पडतो. नेट पत्र्याला चिकटली की उपयोग नाही, मधून हवा खेळली पाहिजे.

थांबा: कळीचा चुना घरी विझवायला जाऊ नका, तो पाण्यात उकळतो आणि उडतो, डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते. दुकानात विझवलेली पावडर मिळते ती आणा, आणि मारताना चष्मा घाला.

दुसरं काम औषधांचं, आणि हे जवळजवळ सगळेच विसरतात. मनाच्या आजारावर, नैराश्यावर, झोपेवर गोळ्या चालू असतील तर फेब्रुवारीतच डॉक्टरांकडं एक चक्कर मारा आणि सरळ विचारा की उन्हाळ्यात ह्यात काही बदल लागतो का. ह्यातल्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, काहींनी अंग तापल्याचं लवकर कळत नाही, आणि लिथियम चालू असेल तर अंगातलं पाणी कमी झाल्यावर त्याचं रक्तातलं प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तरी विचारा. मनानं गोळी बंद करायची नाही, कमी करायची नाही, फक्त विचारायचं.

2. नवी पालवी यायच्या आत: झोप सरकवा

अख्ख्या लेखातला हा एकच टप्पा केलात तरी निम्मं काम झालं, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

मे महिन्यात आपल्याकडं सहाच्या आतच सूर्य उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. सकाळी साधारण साडेपाच ते नऊ एवढाच वेळ माणसात राहून काम करण्यासारखा असतो, त्यानंतर सगळं चढणीला. आता जो माणूस रात्री साडेबाराला झोपून आठला उठतो त्याचा हा सगळा वेळ जातो, तो उठतो तोच उन्हात, आणि मग दिवसभर आपण मागंच पडलोय असं वाटत राहतं. ही मागं पडल्याची भावना चिडचिडीत निम्मी तरी असते.

पण एका दिवसात आठचे साडेपाच होत नाहीत. लोक पाडव्याच्या दिवशी संकल्प करतात, चार दिवस पाचला उठतात, पाचव्या दिवशी डोकं धरून बसतात. क्रम असा ठेवा:

अ) आधी उठायची वेळ हलवा, झोपायची नाही. दर तीन-चार दिवसांनी 15 मिनिटं लवकर. फेब्रुवारीच्या मध्यात सुरू केलं तर एप्रिल लागेपर्यंत आरामात साडेपाचवर येता.

ब) उठल्या उठल्या उघड्यावर या. गच्ची, गॅलरी, अंगण, काहीही. मोबाईल आतच ठेवून. सकाळचा उजेड डोळ्यावर पडला की शरीराचं घड्याळ पुढं सरकतं आणि रात्री झोप आपोआप लवकर येते, हे गोळीनं होत नाही.

क) चहा-कॉफी चारनंतर बंद. उन्हाळ्यात आधीच झोप पातळ असते, त्यात सहाचा चहा रात्री अकरापर्यंत अंगात असतो.

ड) झोपायच्या तासभर आधी साध्या पाण्यानं अंघोळ. बर्फाच्या थंडगार पाण्यानं नको, कातडीच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि आतली उष्णता आतच राहते. झोप लागायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं, तेवढंच साधायचंय.

गच्चीवर झोपणार असाल तर झकास, पण सूर्य मावळल्या मावळल्या अंथरूण टाकू नका, खाली स्लॅब तापलेला असतो. दहापर्यंत थांबा किंवा बाज टाका. मच्छरदाणी पाहिजेच. कठडा बुटका असेल तर पोरांना मधे झोपवा. आणि गच्चीवर झोपलं की पहाटे उजेडानं जाग येतेच, त्यामुळं तिथं रात्री बारापर्यंत रील बघत पडणं म्हणजे दुसऱ्या दिवसाचं वाटोळं.

तपासा: आठवडाभर गजर वाजायच्या आधी एक-दोनदा तरी आपोआप जाग आली का? आली असेल तर पुढच्या टप्प्यावर चला. नाहीतर आहे तिथंच आणखी चार दिवस थांबा, घाई नाही.

3. मोहर यायच्या सुमारास: अंगाला उन्हाची सवय

कडुलिंबाला तांबूस पालवी येते, मग बारीक पांढरी फुलं, रात्री गल्लीत मंद गोड वास सुटतो. मार्च-एप्रिलचा हा काळ अंगाला ऊन शिकवायचा. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, त्यात घाम लवकर सुटायला लागतो आणि घामातून मीठ कमी जायला लागतं. जो माणूस मार्चपासूनच एसी गाडी, एसी ऑफिस, एसी बेडरूम असा फिरतो त्याला ही सवय होतच नाही, मग मे महिन्यात लग्नाच्या वरातीत अर्धा तास उभा राहिला की चक्कर.

करायचं एवढंच: रोज सकाळी आठ-साडेआठच्या कोवळ्या उन्हात 15-20 मिनिटं चाला, घाम येऊ द्या, हळूहळू अर्ध्या तासावर न्या. दुपारी बारानंतर नाही. सवय म्हणजे 43 डिग्रीत फिरायचा परवाना नव्हे, हे पोरांना विशेष सांगा.

4. पाणी: माठ, वेळापत्रक आणि मीठ

आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळं पाण्याचा ताण हा निम्मा डोक्याचाच असतो. पाणी आलं का, कधी येणार, मोटार कोण लावणार. हे काम घरात एकाच माणसाच्या गळ्यात असेल, आणि बहुतेक घरात ते बाईच्याच असतं, तर मार्चमध्येच वाटून घ्या. कोणत्या पाळीला कोण उठणार ते भिंतीवर लिहा. तुम्हाला वाटेल की ह्याचा मनाशी काय संबंध, पण रात्री दोनला पाण्याला उठलेल्या माणसाशी सकाळी नऊला बोलून बघा.

माठ नवा असेल तर आदल्या दिवशी अख्खा पाण्यात भिजवा, साबण लावू नका, नारळाच्या शेंडीनं घासा. नेहमीच्या तीन चुका: एक, रंगवलेला चकचकीत माठ आणणं, त्याची छिद्रं बुजलेली असतात, तो झिरपत नाही म्हणजे गार करत नाही. दोन, माठ किचनच्या कोपऱ्यात कोंबणं, त्याला सावली पाहिजे आणि वारं पण पाहिजे. तीन, रोज वरून भर घालत राहणं आणि आठवडा आठवडा धुणंच नाही.

प्यायचं कसं? उठल्यावर दोन भांडी, मग जागं असेपर्यंत दर तासाला एखादं भांडं, तहान लागायची वाट न बघता. एका दमात लिटरभर ढोसू नका. लघवी फिकट पिवळी असली की ठीक, गडद असेल तर कमी पडतंय. उन्हात किंवा लूमच्या (यंत्रमागाच्या) शेडमध्ये घाम गाळणाऱ्यांना नुसतं पाणी पुरत नाही, मीठ पण जातं, म्हणून ताक, पन्हं, ज्वारीची आंबील. उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस, पुडी नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, अंदाजपंचे नाही, चमच्यानं मोजून. किडनी, हृदय, बीपीवाल्यांनी पाणी-मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठेवावं.

5. स्वयंपाकघर आधी गार करा

घरात उन्हाळ्यात सगळ्यात जास्त चिडचिड कोण करतं असं विचारलं की पोरं म्हणतात आई. मग बघा ना, सकाळी अकरा ते एक, बाहेर पारा चढतोय, खिडकीवर ऊन, गॅसचे दोन्ही बर्नर चालू, तव्यावर भाकरी, पंखा लावला तर गॅस विझतो म्हणून पंखा बंद. गळ्यापासून पाठीपर्यंत साडीचा काठ नि ब्लाऊज भिजलेला. आणि बाहेर कूलरपुढं पडलेला माणूस आतून आवाज आला की विचारतो, काय झालं गं?

आपल्याकडं तर ह्याला तयार उत्तर आहे, कडक भाकरी. एक दिवसाआड सकाळी सातच्या आत थापून, पूर्ण वाळवून डब्यात ठेवायच्या. ओलसर राहिली तर बुरशी धरते, म्हणून डबा लावायच्या आधी पूर्ण गार होऊ द्या. त्याबरोबर दही, शेंगाचटणी, कांदा, काकडी, ताक, झालं दुपारचं जेवण. गॅस नऊला बंद म्हणजे बंद. दुपारी कुणाला गरम पोळी पाहिजे असेल त्यानं स्वतः लाटावी.

बाकी खाण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही: हलकं खा, रात्री लवकर खा, काळ्या मसाल्याचं मटण रविवारी दुपारी खाऊन मग झोप येत नाही म्हणू नका.

6. बहर चैत्र-वैशाखाचा: दुपार कशी काढायची

खिडक्यांचा नियम साधा आहे, बाहेर गार असेल तर उघड्या, बाहेर गरम असेल तर बंद. म्हणजे रात्री साडेनऊ-दहानंतर सगळं उघडायचं, सकाळी नऊला पडद्यासकट बंद. लोक दुपारी वारा यावा म्हणून खिडकी उघडतात आणि लू आत घेतात.

कूलर मात्र उलट. कूलर खिडकीत पाहिजे, तोंड आत, पाठ बाहेर, आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं. खोली बंद करून आत कूलर फिरवला की अर्ध्या तासात दमट होतं, अंग चिकट, डोकं जड, आणि मग म्हणायचं कूलर बेकार आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेत चांगला कूलर फार मस्त चालतो, फक्त हवा बाहेर जायला वाट द्या. त्याचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकी घासा, डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पिंपांनाही हाच नियम, झाकण आणि फडकं.

पत्र्याखाली बसून विड्या वळणाऱ्या बायकांना नुसत्या पंख्यावर भागत नाही, 40 च्या वर पंखा गरमच हवा अंगावर फेकतो. ओला पंचा मान-हातावर ठेवून मग पंखा लावा, तेव्हा तो गार करतो.

दुपारी झोपायचं का? हो, झोपा. एरवी दिवसा झोपू नका म्हणणारं आयुर्वेदसुद्धा ग्रीष्मात दुपारची झोप चालते म्हणतं. पण अर्धा तास, आणि तीनच्या आत. चारला झोपून सहाला उठलेला माणूस घरात कुणालाच नको असतो.

मेच्या 10 तारखेच्या आसपास एक दिवस दुपारी बारा-वीस बारा-पंचवीसच्या सुमारास सोलापुरात खांबाची सावलीच पडत नाही, सूर्य बरोबर डोक्यावर असतो. पोरांना दारातल्या दारात दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे आणि टोपी का घालायची ते परत सांगावं लागत नाही.

धोका: उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बडबडायला लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तोल जायला लागला तर हा उष्माघात समजा. 108 ला फोन, सावलीत आडवं करा, कपडे सैल, अंगावर पाणी ओतत वारा घाला, काखेत-मानेवर-जांघेत गार पंचे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालायचं नाही. कांदा हुंगवत बसू नका, वेळ जातो.

7. चिडचिडीची वही

आता इथं लोक हसतात, पण करून बघा. पाच दिवस एका वहीत फक्त चार गोष्टी लिहा: चिडलो तेव्हा किती वाजले होते, आदल्या रात्री झोप किती झाली, शेवटचं पाणी कधी प्यालो, शेवटचं खाल्लं कधी. कुणामुळं चिडलो ते लिहायचंच नाही. कारण लिहायला बसलो की आपण केस लढायला लागतो.

बहुतेकांची वेळ दुपारी तीन ते सात ह्यात सापडेल. मग घरात ठरवून टाका की ह्या वेळेत पैशाचा विषय नाही, पाव्हण्यांचा नाही, दहावी-बारावीच्या मार्कांचा तर मुळीच नाही (निकाल नेमके ह्याच मोसमात लागतात). “सकाळपासून काय करालास?” हा प्रश्न ह्या वेळेत विचारायला बंदी. सकाळी सहाला चहाबरोबर तोच विषय काढा, निम्म्या वेळी तो विषयच उरत नाही.

तरीही भडका उडाला तर क्रम: आधी पाणी, मग तोंड-हात-पाय धुणं, मग दहा मिनिटं वेगळ्या खोलीत, मग बोलणं. समोरच्याला “शांत हो” म्हणू नका, पाण्याचं भांडं पुढं करा.

एक चूक मुद्दाम सांगतो. सगळंच उन्हाच्या डोक्यावर फोडायचं नाही. झोप, पाणी, जेवण सगळं नीट असूनही दोन आठवडे मन उदासच आहे, कशात रस नाही, जगावंसं वाटत नाही असे विचार येतायत, तर तो उन्हाळा नव्हे. सरकारची टेली मानस ही सेवा आहे, 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी फोन लावा, माणसाला एकटं सोडू नका.

8. संध्याकाळ सक्तीची

सकाळी नऊपासून पडदे लावून अंधारात बसलेलं घर संध्याकाळीही मोबाईल घेऊन आतच राहिलं तर आठवड्याभरात सगळ्यांची तोंडं उतरतात. म्हणून सूर्य कलला की बाहेर. सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं, विजापूर रोडला असाल तर संभाजी तलावाकडं, नाहीतर आपल्याच गल्लीतल्या कट्ट्यावर. चालायचं किती हे महत्त्वाचं नाही, घराबाहेरच्या एका तरी माणसाशी तोंडभर बोलायचं. म्हाताऱ्या माणसांसाठी तर हे औषधाइतकंच गरजेचं, त्यांना उन्हाच्या भीतीनं आपण महिना महिना घरात बसवून ठेवतो आणि मग ते गप्प का झाले म्हणून काळजी करतो.

9. लिंबोळ्या पिकल्या की: सगळं उलट फिरवा

मेमध्ये एखाद संध्याकाळी वळीव येतो, धूळ, विजा, गारा, अर्ध्या तासात खलास. दुसऱ्या दिवशी उकाडा वाढतो, हवा दमट होते आणि कूलर कमी काम करतो. अशा दिवशी कूलरचं पाणी बंद ठेवून नुसता पंखा चालवा, खिडक्या उघडा.

मग पिवळ्या लिंबोळ्या अंगणात पडायला लागतात आणि मृग लागतो. इथं लोकांची शेवटची चूक होते, पहिला पाऊस पडला की उन्हाळा संपला म्हणून एका दिवसात सगळं सोडून देतात. आपल्याकडं जून कधीकधी कोरडाच जातो आणि सगळ्यात जास्त पाऊस पडतो सप्टेंबरात, त्यामुळं जूनभर पाणी आणि सकाळचं उठणं तसंच चालू ठेवा. हळूहळू काढायच्या गोष्टी दोन: दुपारची झोप आणि जादाचं मीठ. पचन पावसाळ्यात मंदावतं असं आयुर्वेद म्हणतं, म्हणून आंबील-ताकाऐवजी गरम, ताजं जेवण. पडदे मात्र लगेच काढा, ढगाळ दिवसात उजेड आधीच कमी असतो आणि सकाळी उजेड डोळ्यावर पडणं आता जास्तच लागतं.

कूलर आत ठेवताना गवताचे पॅड काढून, टाकी पुसून, एखाद्या उघडिपीच्या दिवशी दोन्ही कडकडीत वाळवून मगच झाका. ओलं ठेवलंत तर पुढच्या मार्चमध्ये पहिल्यांदा चालू केल्यावर अख्ख्या घरात कुबट वास सुटतो आणि नवे पॅड आणायचा खर्च वेगळाच.